गावच्या तलावात गळ टाकला की नुसती तिलापिया, रोहू लागायला काय करावं?

वाडीवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचून राहिलो होतो, आता विचारूनच टाकतो. माझी सासुरवाडी नागपूरच्या उमरेड रोडला पाचगावच्या पुढे आत एका गावात आहे, गावाला लागूनच छोटा तलाव आहे. मातीची पाळ, एका बाजूनं सगळं बेशरमाचं झुडूप माजलेलं, मधात शिंगाड्याचे वेल आणि देवळाकडची बाजू तेवढी मोकळी. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझी पोरगी (चौथीत आहे) तिथं गळ घेऊन बसतो. सामान साधंच आहे, टेलिस्कोपिक रॉड, छोटी रील, तंगूस (नायलॉनचा दोरा), दुकानात मिळतो तो लाल-पांढरा गोल तरंडा (पाण्यावर तरंगणारा फुगा), आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकीचा गोळा.

लागते काय तर तिलापिया, तीही तळहाताएवढी. गांडूळ टाकलं की मिनिटभरात तरंडा नाचायला लागतो आणि ओढलं की एकतर तिलापिया नाहीतर रिकामा गळ. पण गावातले लोक जाळं टाकतात तेव्हा याच तलावातून दोन-दोन किलोचे रोहू, कटला निघालेले मी स्वतः पाहिले आहेत. मग आपल्याच गळाला काहून लागत नाही? गळाचा नंबर चुकतोय का आमिष चुकतंय का जागा?

दुसरी गोष्ट, मागच्या वेळी मुद्दाम अंधारात निघालो, उजाडायच्या आधी पाळीवर पोहोचलो. दोन-तीन दिवसांपासून ढगाळ होतं, पाणी एकदम हिरवंगार. पाहतो तर काठाकाठानं मोठमोठे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करून राहिले. पोरीनं विचारलं बाबा ते पाणी पिऊन राहिले का. मी अगदी तोंडासमोर गोळा सोडला तरी एकानंही पाहिलं नाही. थोडं ऊन वर आलं आणि सगळे गायब. भुकेले असतील तर खात का नाहीत?

आणि तिसरं, परवानगी वगैरे काही लागते का? सासरे म्हणतात गावच्या जावयाला कोण काय म्हणणार. पण त्या दिवशी पाळीवर एक माणूस सायकल थांबवून बराच वेळ आमच्याकडं पाहत उभा होता, बोलला काहीच नाही. तेव्हापासून मनात खुटखुट आहे.

तरंडा

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकीच्याचं जाणकार सांगतील.

तलावात सगळे मासे एकाच जागी, एकाच खोलीवर चरत नाहीत हे आधी डोक्यात घ्या. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, शेवाळ, सडलेला पाला, असं खातो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला, चिखलात तोंड घालून. ग्रास कार्प गवत खातो आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) तर हिरव्या पाण्यातलं शेवाळच गाळून खातो, तो गळाला लागणं म्हणजे नशीबच. तिलापिया मात्र काहीही खाते, काठाला असते, थव्यानं असते, आणि गांडूळ दिसलं की सगळ्यात आधी तीच येते. तुम्ही काठापासून हातभरावर गांडूळ सोडून बसलात तर दुसरं काय लागणार.

म्हणून गांडूळ बंद करा. रोहूसाठी गोळा करा तो असा, दोन मुठी फुटाण्याचं पीठ, एक मूठ भुईमुगाची ढेप (पेंड) कुटून, थोडी कणीक चिकटपणासाठी, आणि चिमूटभर मेथी तव्यावर भाजून पूड करून. पाणी शिंपडत शिंपडत मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट. यात थोडा कापूस पिंजून मिसळला की गोळा गळावरून लवकर सुटत नाही, बारीक मासे टोचून टोचून खाऊन टाकतात तो त्रास बराच कमी होतो. गोळा बोराएवढा, गळाचं टोक किंचित बाहेर राहील असा. उकडलेला मका पण चांगला, तिलापियाच्या लहान तोंडात दाणा पटकन जात नाही.

गळ ६ नंबरचा घ्या (नंबर वाढला की गळ बारीक होतो, बरेच जण उलटं समजतात), तंगूस ०.३० मिमी पुरे. तो गोल तरंडा काढा. मासा ओढतो तेव्हा त्या फुग्याचा जोर त्याला जाणवतो आणि तो सोडून देतो. मोरपिसाचा नाहीतर बारीक काडीचा तरंडा घ्या, शिसं इतकंच लावा की पाण्यावर फक्त शेंडा दिसेल. आणि खोली मोजा! हे कोणीच करत नाही. गळाला जड शिसं अडकवून टाका, तरंडा बुडाला तर खोली जास्त आहे, आडवा पडला तर कमी, सरकवत सरकवत नक्की करा. मृगळासाठी गोळा तळाला टेकलेला पाहिजे, रोहूसाठी तळापासून वीतभर वर.

आता तरंडा वाचायला शिका, खरी मजा तिथंच आहे. तिलापिया टुक-टुक-टुक नाचवते. रोहू आधी नुसता थरथरवतो, तुम्हाला वाटतं वारा आहे, मग तरंडा तिरका होऊन शांतपणे एका बाजूला सरकत सरकत खाली जातो, तेव्हा मनगट उचलायचं, झटका द्यायचा नाही. मृगळ नाहीतर सायप्रिनस असला तर तरंडा बुडायच्या ऐवजी वर उठतो आणि आडवा पडतो, कारण त्यानं तळावरचं आमिष शिशासकट उचललेलं असतं. कार्प जातीच्या (रोहू, कटला, मृगळ वगैरे) माशाला जबड्यात दात नसतात, दात घशात असतात, ओठ मऊ असतात. जोरात हिसका दिला की ओठ फाटतो, मासाही जातो आणि बिचाऱ्याला इजा होते ती वेगळीच.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पहाट नाहीतर सूर्य कलल्यावरच. डिसेंबर-जानेवारीत उलटं, पाणी गार असलं की मासा सुस्त असतो, नऊ-दहाच्या पुढं ऊन चढल्यावर बसा, उगाच पोरीला थंडीत काकडवू नका.

कन्हान_काठ

तरंडा भाऊंनी सगळं सांगितलंच आहे. परवानगीचं एवढं मनावर घेऊ नका, एका गळानं तलाव रिकामा होत नाही. गावतलाव आहे, गावाचाच आहे. आम्ही तर लहानपणापासून कुठंही बसत आलो. तिलापियाचा कंटाळा आला असेल तर तोतलाडोह धरणाकडं जाऊन पाहा, तिकडं मासा मोठा आहे.

पाळीवरचा_ढीवर

वाडीवाले भाऊ, तुमी विचारलं हे लय चांगलं केलं, म्हनून लिहितो. मी ढीवर समाजाचा, आमची मत्स्यपालन सहकारी संस्था आहे, तुमचा तलाव आमचा नाई पन गोष्ट सगळीकडं सारखीच.

आधी कन्हान काठ भाऊंना सांगतो. तोतलाडोहचं पानी पेंच राष्ट्रीय उद्यानात येते, तिथं मासेमारी बंद आहे, तिथं गळ घेऊन जाऊ नका आनि दुसऱ्याले पाठवू बी नका. केस होते.

आता गावतलाव. तलाव ग्रामपंचायतीचा असो, जिल्हा परिषदेचा असो का पाटबंधारेवाल्यायचा, बहुतेक तलावात मासे पाळाचा ठेका संस्थेकडं असते. ठेक्याचे पैसे संस्था भरते. आनि तुमाले दिसते तो रोहू, कटला, मृगळ तलावात आपोआप होत नाई. हे मासे साचलेल्या पान्यात अंडी देत नाईत, त्यायले वाहत्या नदीचं पुराचं पानी लागते. म्हनून दरसाल पाऊस लागला, तलावात पानी आलं की जुलै-ऑगस्टमंदी आमी बोटुकली विकत आनून सोडतो. बोटाएवढं बीज. डब्यात, पिशव्यायमंदी आक्सिजन भरून गाडीनं येते, रस्त्यातच काई मरते, सोडल्यावर काई बगळे, पानकावळे खातात, काई मरळीच्या पोटात जाते, सांडव्यावरून पानी वाहलं का काई खाली निघून जाते. जे उरते ते वर्षभर राखाचं, आनि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पानी उतरते तसं जाळं टाकून भोईपुऱ्यात नाईतर आठवडी बाजारात इकाचं. तो दोन किलोचा रोहू म्हनजे कोनाची तरी उधारी फिटाची असते.

तुमच्या तुरीच्या वावरात कोनी जाता जाता हिरव्या शेंगा तोडून नेल्या तं तुमी काय म्हनसान? एकच मूठ नेली म्हनून सोडून देसान, पन दररोज दहा जन मूठ मूठ नेतील तं? आता नागपूरहून सुट्टीच्या दिवशी गाड्याच्या गाड्या येतात, चांगले महागाचे राड घेऊन, पाळीवर बाटल्या, तंगूस टाकून जातात. तंगूसमंदी पाखरायचे पाय अडकतात, आमच्या पोरायचे बी पाय कापतात. बोललं तं म्हनतात पानी का तुमच्या बापाचं आहे. म्हनून तो सायकलवाला माणूस बोलला नसन. बोलून अपमान करून घ्यावा कोनी?

पन तुमी विचारून ऱ्हायले, मंग सांगतो कसं कराचं. गावात संस्थेचा अध्यक्ष नाईतर सचिव कोन हाय ते सासऱ्यायले विचारा, त्याच्या घरी जा, पोरीले बी घेऊन जा. सांगा का आमी हौसेनं बसतो, कोनत्या बाजूनं बसू, काय ठेवू काय सोडू. नव्वद टक्के तं लोक हो च म्हनतात. तिलापिया तुमी जेवढी नेसान तेवढी आमाले बरीच आहे, ती आमी सोडलेली नाई, आमच्या बोटुकलीचं खाद्य खाऊन टाकते. तुमी तिलापियाले कंटाळले पन ती चांगली लाल मिरची-लसूण वाटून तव्यावर कडक करा, पोरगी बोटं चाटन. मोठा रोहू लागला आनि ठेवाचा असन तं बाजारभावानं पैसे द्या. विषय संपला.

अजून एक. पावसाळ्यात काठाशी पान्यावर लाल लाल बारीक पिल्लायचा थवा दिसला, एकाच जागी बुडबुड करत फिरते, तं तिथं गळ टाकू नका. ती मरळीची पिल्लं. खाली नर-मादी राखनीवर असतात, पिल्लाजवळ काईबी आलं का झडप घालतात म्हनून गळाले लगेच लागतात. एकदा ते उचलले का अख्खा थवा दुसऱ्या दिवसापर्यंत बाकीचे मासे साफ करते. मरळ आमच्या तलावाची स्वतःची, तिचं बीज कोनी आनून सोडत नाई. आनि बेशरम काढाले संस्थेचे लोक पान्यात उतरले असतील तं एखाद दिवस हात लावा त्यायले, मंग पाहा तुमाले कोन अडवते.

तेलंगखेडी_फिशरीज

मी फुटाळ्याजवळच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून शिकले, आता या क्षेत्रातच काम करते. वरच्या दादांनी बोटुकलीबद्दल लिहिलं त्यात भर घालते. आधी हे बीज नद्यांमधूनच गोळा करावं लागायचं, पुराच्या पाण्यात, आणि त्यात भलतेच मासेही मिसळून यायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी माशांना पिट्युटरी (मेंदूखालच्या) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून बंदिस्त जागेत अंडी घेतली, म्हणून आज आपल्याकडच्या छोट्या तलावांनाही रोहू-कटल्याचं बीज मिळतं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस त्यासाठीच पाळतात. तिलापियाला यातलं काही लागत नाही. ती मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली, दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी द्यायला लागते, वर्षातून अनेकदा देते, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून जगतातही भरपूर. गर्दी झाली की वाढ खुंटते, त्यामुळे तळहाताएवढीच राहते. तुम्हाला लागते ती लहान आहे म्हणजे पिल्लूच असेल असं नाही, ती पूर्ण वाढलेली, अंडी देणारी असू शकते. ती काढणं तलावाच्या भल्याचंच आहे.

आता त्या पहाटेचं. वाडीवाले दादा, ते मासे भुकेले नव्हते, त्यांचा जीव गुदमरत होता. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते. पाणी हिरवंगार म्हणजे त्यात शेवाळ खूप. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन तयार करतं, पण रात्री तेही श्वास घेतं, मासेही घेतात, तळातला कुजणारा पालाही ओढतो. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी कधी, तर उजाडायच्या आधी. त्यात दोन-तीन दिवस ढगाळ म्हणजे दिवसाची भरपाईही झाली नाही. लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल तर कार्प मजेत असतात, ३ च्या खाली गेलं की वर येऊन पृष्ठभागाजवळचं पाणी ओढायला लागतात, त्या अवस्थेत ते खात नाहीत. ऊन आलं, शेवाळ कामाला लागलं, मासे खाली गेले. मरळ आणि मांगूर हवेतला श्वास घेऊ शकतात, तिलापियाही बरंच सहन करते, सोसत नाही ते कटल्याला आणि मोठ्या माशांना. अशीच एखादी वाईट पहाट जास्त लांबली तर सकाळी गावाला सगळा तलाव पांढरा झालेला दिसतो आणि मग लोक म्हणतात कोणीतरी विष टाकलं. कधी कधी खरंच टाकलेलं असतं, पण बऱ्याचदा हे असं असतं.

म्हणून पुन्हा असं दिसलं तर रॉड खाली ठेवा आणि लगेच संस्थेच्या माणसाला फोन करा. पाण्याचा पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पाडलं तर त्या पहाटेपुरता जीव वाचतो. त्या दिवसांत शेण, खत, खाद्य काहीही पाण्यात टाकायचं नसतं. तरंडा दादांचा गोळा उत्तम आहे पण छोट्या हिरव्या तलावात किलोकिलोनं चारा टाकून मासा जमवायचा प्रकार करू नका, न खाल्लेली ढेप तळाला कुजते आणि तीच रात्रीचा ऑक्सिजन खाते. मूठभर पुरे.

आणि मुलीनं घरच्या काचेच्या टाकीतले मासे तलावात सोडायचा हट्ट केला तर प्लीज नाही म्हणा. ते काळे, खडबडीत, काचेला चिकटणारे मासे लोकांनी कंटाळून सोडून दिले आणि आता ते कितीतरी तलावांत पसरले आहेत, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्यांना बाजारात भाव नाही. परदेशी थाई मांगूर तर पाळायलाच बंदी आहे.

कन्हान_काठ

तोतलाडोहचं मागे घेतो. ढीवर दादा, बीज विकत आणून सोडतात हे मला खरंच माहीत नव्हतं, आपल्याला वाटतं पाणी आहे तिथं मासा असतोच. आमच्याकडं नदीवर असं नाही म्हणून तसं लिहिलं गेलं.

वाडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावाला जाऊन आलो म्हणून लिहितो.

सासऱ्यांना घेऊन संस्थेच्या अध्यक्षांकडं गेलो, पोरगीही सोबत. घरात शिरलो तर समोर तोच सायकलवाला माणूस, त्यांचा मोठा भाऊ निघाला. चहा झाला. मी मासे वर आल्याचं सांगितलं तर दोघंही एकदम सावध झाले, कोणत्या बाजूला, किती वेळ, कटला होते का, सगळं खोदून खोदून विचारलं. त्यांना ते माहीतच नव्हतं कारण त्या दिवशी ते सगळे लग्नाला गेले होते. आता ढगाळ असलं की पहाटे चक्कर मारतो म्हणाले, आणि शेजारच्या शेतातला पंप सांगून ठेवला. ठरलं असं की बसायचं देवळाकडूनच, शिंगाड्याच्या वेलात गळ टाकायचा नाही, तिलापिया हवी तेवढी न्या, किलोच्या आतला कुठलाही कार्प परत पाण्यात, मोठा ठेवला तर त्यांना दाखवून भावानं पैसे. आणि पुढच्या महिन्यात बेशरम काढायला मी जाणार आहे.

मग दुपारी बसलो. तरंडा दादांनी सांगितलं तसं खोली मोजली, फुटाण्याच्या पिठाचा गोळा, मोरपिसाचा तरंडा. बराच वेळ काही नाही. मग तरंडा खरंच वर उठून आडवा पडला, मला कळायच्या आत पोरगीच ओरडली बाबा झोपला झोपला! मृगळ होता, अर्ध्या किलोच्या आसपास, अंगावर रुपेरी चकाकी, तोंड केवढंसं. ठरल्याप्रमाणे सोडला. पण गळ काढताना माझी फार धांदल झाली, मासा हातातून निसटून मातीत पडला, बराच वेळ गेला, पाण्यात सोडल्यावर आधी तिरका झाला आणि मग गेला. तो वाचेल का? आणि सोडायचाच असेल तर नीट कसं सोडावं?

तरंडा

स्वतःच्या ताकदीनं खाली गेला म्हणजे बहुतेक वाचेल. पुढच्या वेळी हे करा. गळाच्या टोकामागं जो उलटा काटा असतो तो पकडीनं दाबून सपाट करून टाका, मग गळ एका हिसक्यात निघतो, तंगूस ताणलेला ठेवला तर मासाही सुटत नाही. मासा हातात घ्यायच्या आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले करा, कोरड्या हातानं आणि मातीनं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथं रोग लागतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही. शक्यतो काठाच्या पाण्यातच ठेवून गळ काढा, वर उचलूच नका. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाओढी न करता तंगूस तोंडाजवळ कापा. सोडताना फेकायचा नाही, पोटाखाली हात धरून पाण्यात पाठ वर राहील असा सरळ धरायचा, कल्ले नीट हलायला लागले की तो स्वतःच हातातून निघून जातो. हे काम पोरीकडं द्या, लहान हात हलके असतात. आणि कापलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, ढीवर दादा म्हणतात ते खरं आहे, पाळीवर एक तुकडाही सोडू नका.

पाळीवरचा_ढीवर

वाडीवाले भाऊ, बेशरम काढाले याल तं फुल पँट आनि जुने जोडे घालून या, पान्यात बुडात खुंट असतात, पायात घुसतात. आनि मुळासकट उपटा, वरून कापलं तं पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होते. काढलेलं पाळीवर ठेवू नका, कांडी ओल्या मातीत पडली का तिथंच फुटते, दूर नेऊन वाळवा आनि जाळा.